जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी : सर्व्हर सांभाळायला घरीच कसं शिकावं

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, "या मशीनकडून काम काय करून घ्यायचंय?" बहुतेकांचं उत्तर असतं, "सर्व्हर शिकायचाय." पण याला काम म्हणत नाहीत. नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलाचं उत्तर वेगळं होतं. वडिलांच्या दुकानाची बिलं आणि घरातले फोटो चार मोबाइलांत विखुरलेत, ते एका जागी ठेवायचेत. त्याला काम होतं म्हणून तो शिकला. काम असलं की मशीन बंद पडल्यावर घरचं कोणीतरी विचारतं, "काऊन उघडत नाही रे?" आणि मग दुरुस्तीशिवाय सुटका नसते. तेव्हा सुरुवातीलाच एक छोटं, खरं काम ठरवा आणि एक दोनशे पानी वही घ्या. वहीचं काम पुढे येईलच.

फुकटात मिळणाऱ्या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिम बऱ्याच आहेत. शिकण्यासाठी मी फ्रीबीएसडी सुचवतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या बीएसडी युनिक्सची ही शाखा. तिचा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि पहिली आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरात आली. लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकांचा, अवजारं दुसऱ्यांची आणि मांडणी प्रत्येक वितरणाची, म्हणजे तयार संचाची, वेगळी. फ्रीबीएसडीत कर्नल, मूळ अवजारं आणि त्यांची माहितीपत्रकं एकाच प्रकल्पातून येतात. त्यामुळे पुस्तकात वाचलेलं आणि पडद्यावर दिसणारं जुळतं, आणि नवशिक्याला याचा फार आधार होतो. खेळण्यातली सिस्टिमही नाही ही. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर हिच्यावरच चालवतं.

एक सूचना आधीच देतो. पुढे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत करा, 'मोठा' म्हटलंय तेवढंच अक्षर कॅपिटल.

मशीन आणि फाइल

चौसष्ट बिटचा कोणताही जुना डेस्कटॉप चालेल. रॅम ४ जीबी असली तर भागतं, ८ असली तर झेडएफएस, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी फाइल सिस्टिम, मोकळेपणाने चालते. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, बर्डीवर, जुना संगणक घ्यायला गेलात तर पंखा फिरवून, आवाज ऐकून घ्या आणि हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीला दोन पैसे जास्त द्या. मशीन नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, २० जीबीची डिस्क देऊन सुरुवात करा.

फाइल फ्रीबीएसडीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. तिथे 'एएमडी६४' हे नाव बघून इंटेलवाले मागे फिरतात. फिरू नका, इंटेलच्या चौसष्ट बिट प्रोसेसरसाठीही तीच फाइल आहे. पेन ड्राइव्हसाठी 'मेमस्टिक', व्हर्च्युअलबॉक्ससाठी 'डिस्क१'. उतरवल्यावर 'शा-२५६' चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण अर्धवट उतरलेल्या फाइलवर अख्खी संध्याकाळ जाते.

इन्स्टॉल करताना

इन्स्टॉलर साध्या अक्षरांचा आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. डिस्कच्या पानावर 'ऑटो झेडएफएस' निवडा. नव्या आवृत्तीने मूळ सिस्टिम पॅकेजांनी बसवायची की डिस्ट्रिब्युशन सेट्सनी, असं विचारलं तर सेट्स निवडा, कारण खाली सांगितलेली अपडेटची रीत त्यालाच लागू पडते. वेळेसाठी आशिया आणि मग भारत. सेवांच्या यादीत 'एसएसएचडी'वर खूण ठेवा. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने या मशीनमध्ये शिरता येतं ते तिच्यामुळे.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्वतःचं खातं बनवताना. या सदस्याला आणखी कोणत्या गटांत घ्यायचं, असं इन्स्टॉलर विचारतो, आणि घाईत सगळे नुसतं एंटर दाबतात. तिथे 'व्हील' लिहा. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, होण्यासाठीची 'एसयू' ही कमांड व्हील गटातल्यांनाच चालते. बाकीच्यांना पासवर्ड माहीत असूनही 'सॉरी' एवढंच उत्तर मिळतं. आणि दूरवरून एसएसएचने थेट रूट म्हणून शिरता येत नाही, फ्रीबीएसडी ते मुळातच बंद ठेवते. म्हणजे व्हील गट राहिला, तर मशीनजवळ जाऊन बसण्यावाचून इलाज नाही.

दोन घरं ओळखा

पहिल्यांदा आत शिरलात की काही बसवायच्या आधी फोल्डर फिरून बघा. मूळ सिस्टिमची सेटिंग 'ईटीसी'मध्ये असतात. तुम्ही नंतर आणलेलं सगळं 'यूएसआर'च्या आतल्या 'लोकल'मध्ये जातं, आणि त्याची सेटिंग लोकलच्या आतल्या 'ईटीसी'त. ही वाटणी फ्रीबीएसडी काटेकोर पाळते. कोणती फाइल सिस्टिमची आणि कोणती आपण आणलेली, हे जागेवरूनच कळतं.

आता एनजिनेक्स हा वेब सर्व्हर बसवून बघू. 'पीकेजी इन्स्टॉल एनजिनेक्स'. पीकेजी हे पॅकेजं, म्हणजे बाहेरची सॉफ्टवेअर, बसवणारं अवजार. ते पहिल्यांदा स्वतःलाच बसवू का, असं विचारेल, हो म्हणा. बसलं म्हणजे सुरू झालं असं नाही, ही गोष्ट नीट समजून घ्या. सेवा सुरू करायला परवानगी लागते आणि ती 'ईटीसी'तल्या 'आरसी डॉट कॉन्फ' या फाइलीत लिहिलेली असते. ती लिहायला 'सिसआरसी एनजिनेक्स_एनेबल=येस', मग 'सर्व्हिस एनजिनेक्स स्टार्ट'. खरंच ऐकतंय का ते 'सॉकस्टॅट डॅश फोर डॅश एल' दाखवेल. ८० क्रमांकाच्या पोर्टपुढे एनजिनेक्सचं नाव दिसलं पाहिजे.

आरसी डॉट कॉन्फ एडिटरमध्ये उघडूनही बदलता येते. मीही तसंच करायचो. एका रात्री शेवटचं अवतरणचिन्ह लावायचं राहिलं आणि सकाळी मशीन अर्ध्यावर अडकलं. तेव्हापासून मी सिसआरसी वापरतो, कारण ती अवतरणं स्वतः सांभाळते. पण ती चूक तुम्ही मुद्दाम एकदा करा. मशीन अडलं की सिंगल युजर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या उघडणाऱ्या सिस्टिममध्ये, जा, 'माउंट डॅश यू' आणि पुढे नुसता स्लॅश देऊन मूळ डिस्क लिहिण्यायोग्य करा, 'झेडएफएस माउंट डॅश ए' द्या, 'व्हीआय' या एडिटरमध्ये चिन्ह परत लावा आणि रीबूट करा. हे एकदा हाताने केलेलं माणूस पुढे बंद मशीनसमोर गांगरत नाही.

अडलात तर आधी 'मॅन' आणि कमांडचं नाव. फ्रीबीएसडीची मॅन पानं खरोखर वाचण्याजोगी आहेत, आणि हँडबुक तर मोफत मिळणारं अख्खं पुस्तकच आहे. त्यातून काय कळलं, कोणती फाइल बदलली, आधी तिथे काय होतं, हे तारखेसह वहीत लिहा. संगणकातल्या फाइलीत नको. मशीन चालू होत नसतं तेव्हाच ते टिपण लागतं.

अपडेट

मूळ सिस्टिमचं अपडेट 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच' आणि मग 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल' यांनी होतं, बाहेरच्या पॅकेजांचं 'पीकेजी अपग्रेड'ने. त्याआधी 'बीईसीटीएल क्रिएट' आणि एखादं नाव देऊन चालू सिस्टिमची बूट प्रत करून ठेवा. अपडेट बिघडलं तर बूट मेन्यूतून ती जुनी प्रत निवडता येते.

ऊन आणि लाइन

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि माडीवरच्या खोलीत संगणक ठेवला तर त्याची काही खैर नसते. कूलरच्या समोर ठेवून प्रश्न सुटत नाही. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओल आणि बाहेरची धूळ मिळून पंख्यावर चिखल धरतात. खालच्या मजल्यावर, कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. इंटेल प्रोसेसर असेल तर 'केएलडीलोड कोअरटेम्प' द्या आणि 'सिससीटीएल डेव्ह डॉट सीपीयू डॉट झिरो डॉट टेम्परेचर'ने तापमान बघा. एएमडी असेल तर 'एएमडीटेम्प'. उन्हाळ्यात दुपारी तीनचा आकडा आठवडाभर वहीत लिहिलात की तुमच्या मशीनचं नेहमीचं तापमान कळतं, आणि नेहमीचं माहीत असल्याशिवाय वाढलेलं ओळखू येत नाही.

लाइन गेली तर झेडएफएस सहसा सही सलामत उठते, कारण ती जुन्या माहितीवर नवी लिहीत नाही. नवी दुसरीकडे लिहून मगच जुनीचा पत्ता सोडते. तरी शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेलं जाऊ शकतं, म्हणून छोटा यूपीएस हवाच. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. उठल्यावर 'झेडपूल स्टेटस' बघा.

आणखी एक. फ्रीबीएसडी रोज पहाटे तीन वाजून एक मिनिटाने स्वतःची तपासणी करते आणि अहवाल रूटच्या टपालात टाकते. डिस्कवरची जागा, पॅकेजांतल्या त्रुटी असं बरंच त्यात असतं. घरात रात्री सगळी बटणं बंद करायची सवय असेल तर हा अहवाल कधीच येणार नाही. घरच्यांना सांगून त्या एका बटणावर कागद चिकटवा.

फाइली ठेवा, पुसा, परत आणा

बिलं आणि फोटो चढवायला वेगळं काही बसवू नका. एसएसएचडीसोबत फाइली पाठवायचं एसएफटीपी येतंच आणि मोबाइलवर त्याची ॲप आहेत. घरच्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. हे सगळं घरच्या वायफायपुरतंच ठेवा. राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडायचा विचार एसएसएच किल्ल्या (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइली) आणि 'पीएफ' फायरवॉल शिकल्यावरच करा.

मग 'झेडएफएस लिस्ट'ने होमचा, म्हणजे सगळ्यांच्या फाइली असतात त्या फोल्डरचा, डेटासेट बघा. डेटासेट म्हणजे झेडएफएसमधला वेगळा कप्पा. नव्या आवृत्त्यांत तो 'झेडरूट/होम' असतो. 'झेडएफएस स्नॅपशॉट डॅश आर', पुढे डेटासेट, ॲट चिन्ह आणि तारीख. क्षणात स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींचं गोठवलेलं रूप, तयार होतो. आता एक बिल पुसून टाका. ज्या डेटासेटमध्ये ते होतं त्याच्या मुळाशी 'डॉट झेडएफएस' नावाचा फोल्डर आहे. यादीत तो दिसत नाही, पण नाव देऊन शिरता येतं. त्यातल्या 'स्नॅपशॉट'मध्ये ते बिल जसंच्या तसं सापडेल, ते 'सीपी'ने परत घ्या.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला, म्हणून दुसरी डिस्क हवी. तिचं नाव 'कॅमकंट्रोल डेव्हलिस्ट'ने दोनदा तपासा, कारण पुढची कमांड तिच्यावरचं सगळं पुसते. 'झेडपूल क्रिएट डॅश मोठा आर', मग '/एमएनटी', मग 'बॅकअप' आणि डिस्कचं नाव. त्या मोठ्या आरमुळे बॅकअपमधलं सारं एमएनटीच्या आतच उघडतं, चालू होमवर येऊन बसत नाही. पुढे 'झेडएफएस सेंड डॅश मोठा आर' आणि स्नॅपशॉटचं पूर्ण नाव, मग पाइपचं उभं चिन्ह, आणि त्यापुढे 'झेडएफएस रिसीव्ह बॅकअप/होम'. झालं की 'झेडपूल एक्स्पोर्ट बॅकअप', आणि डिस्क काढून कपाटात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती डिस्क काढा, 'झेडपूल इम्पोर्ट डॅश मोठा आर /एमएनटी बॅकअप' करून लावा आणि त्यातलं एखादं जुनं बिल उघडून वडिलांना दाखवा. आकडे बरोबर आहेत का, हे ते एका नजरेत सांगतील.