प्रिंटवर केशरी पट्टा? मागचं झाकण उघडून बघा

जुन्या एसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या रोलच्या कॅमेऱ्याच्या, रंगीत प्रिंटवर कडेला केशरी पट्टे आले, तर दोष बहुधा लेन्सचा नसतो. मागच्या झाकणाच्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम विरघळून डांबर झालेला असतो आणि तिथून उजेड आत फिल्मवर शिरतो. बडोद्याच्या मे महिन्यात तर तो बोटाला चिकटून येतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथपिकने तो खरवडा. कॅमेऱ्याचं तोंड वर, उघडी पाठ खाली. चिकट कण शटरच्या पडद्यावर पडले तर नसती आफत. मंगळ बाजारातून विणायची काळी लोकर आणा, एक पदर खाचेत दाबून बसवा. झाकण जोर न लावता मिटलं पाहिजे. बिजागरीपाशी काळ्या मखमलीची पट्टी. आरसा वर उचलला की जिथे टेकतो, तिथल्या फोमच्या जागी मात्र फोमच हवा. लोकरीचे तंतू तिथे फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे आरशावरच्या चित्र दिसणाऱ्या काचेवर, जाऊन बसतात.