कुरळ्या केसांची लेकरं आणि आपली घाई: या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेत माझं छोटं पार्लर आहे. मोठ्या बायका कमी, लहान मुलंच जास्त. जून आला की शाळा उघडायच्या आधी आया लेकरांना बखोटीला धरून आणतात आणि खुर्चीत बसवायच्या आधीच म्हणतात, "काकू, ह्या केसांचं काहीतरी करा." केसांना काही झालेलं नसतं. करू नये ते घरात रोज चाललेलं असतं, एवढंच. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कोरड्या केसांत फणी

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती सकाळच्या गडबडीत होते. खाली व्हॅनवाला हॉर्न देतोय, डबा भरायचा राहिलाय, आणि आई लेकीला गुडघ्यांत आवळून कोरड्या केसांत बारीक दातांची फणी वरून खाली ओढतेय. पोरगी किंचाळते, आई धपाटा घालते, फणीत पुंजका येतो. संध्याकाळी मला फोन, "काकू, हिचे केस फार गळतात हो."

गळत नाहीत, ताई. तुम्ही तोडताय. खात्री करायची तर फणीतला एक केस उजेडात धरा. मुळापासून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो. ठिपका नाही आणि केस आखूड आहे, म्हणजे तो मधेच तुटलाय.

डोक्याच्या कातडीतून जे तेल सुटतं ते सरळ केसावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडतं. म्हणून कुरळा केस मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडा असतो. शिवाय प्रत्येक वळण शेजारच्या केसाच्या वळणात अडकतं. अशा गुंत्यावर वरून फणी ओढली की ती गुंता सोडवत नाही, खाली ढकलून घट्ट करते, आणि मग जोर लावला की वळणावरच केस तुटतो.

ओले केस विंचरू नयेत असं घरातल्या आजी सांगतात. सरळ केसांच्या बाबतीत ते खरंच आहे, ओला केस जास्त ताणला जातो. पण कुरळ्या केसाला कोरडं विंचरणं त्याहून वाईट. तो ओला हवा आणि त्यावर कंडिशनर हवा, म्हणजे केसावरून केस घसरतो.

मी काय करते ते सांगते. पद्धत वगैरे नाही, हाताची सवय आहे. रविवारी न्हाण्याच्या तासभर आधी खोबरेल, तेसुद्धा दोन तळहातांवर चोळून उरेल तेवढंच. खोबरेल केसाच्या आत मुरतं, त्यामुळे धुताना केस कमी झिजतो. मग शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला, बोटांच्या पेरांनी. लांबीला वेगळा लावायचाच नाही, डोक्यावरून ओघळणारा फेस तिथं पुरतो. मग लांबीला कंडिशनर, मुलाच्या केसाला वाटतो त्याच्या दुप्पट. तो केसात असतानाच मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा आणि सुरुवात टोकापासून करायची. टोकाची दोन बोटं सुटली की थोडं वर, ती सुटली की आणखी वर. दुसऱ्या हातानं ती बट मुळाशी मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला बसत नाही. पोरगं रडतं ते ह्या ओढीनं. मूठ धरली की निम्मं रडणं तिथंच थांबतं.

मधल्या दिवसांत कंगवा नाही. इस्त्रीला पाणी मारायची स्प्रेची बाटली असते ना, तसल्या एका वेगळ्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर हलवून ठेवा. सकाळी चार फवारे, बोटांनी बटा मोकळ्या, रबर लावा, संपलं. आणि रात्री झोपताना दोन सैल वेण्या. ही वेणी घालायला लागतात पाच मिनिटं. ती वाचवायची आणि सकाळी अर्धा तास पोरीशी कुस्ती खेळायची, ह्यात कसला शहाणपणा आहे ते मला अजून कळलेलं नाही.

जट "आली" म्हणून केसाला हात न लावणं

आता ही दुसरी. सांगलीत राहून हिच्यावर थोडक्यात लिहिता येत नाही.

कुरळ्या, दाट केसांना काही दिवस कंगवा लागला नाही तर मानेच्या वर, जिथं उशी घासते तिथं, केसांचा गोळा होतो. वेळेत सोडवला नाही तर त्याची नमद्यासारखी गच्च वडी बनते. ही झाली जट. केस, घाम, तेल, धूळ आणि उशीचा कापूस, बस्स. पण आपल्याकडं आणि सीमेपलीकडं ती सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं मानली जाते. मग तिला हळद-कुंकू लागतं, कापायची नाही, सोडवायची नाही. जुन्या काळी अशा जटेवरून मुली देवीला सोडल्या गेल्या आणि त्यांचं पुढं काय झालं हे ह्या भागात कुणाला सांगायला नको. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात 1982 मध्ये आणि महाराष्ट्रात 2005 मध्ये कायदा झाला. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा सोडवायला गावोगाव जातात. एवढं होऊनही माझ्या खुर्चीत जटेची पोर येऊन बसतेच.

कवठेमहांकाळकडच्या एका गावातली पहिलीतली मुलगी. केस असे सुरेख, मधासारखे पिंगट, स्प्रिंगा नुसत्या. टायफॉईड होऊन बरेच दिवस अंथरुणात होती, तेव्हा केसाला कुणी हात लावला नाही. उठून बसली तेव्हा मागं तळहाताएवढी जट. आजीनं पाहिलं, कुंकू लावलं, विषय संपला. पुढं त्यात उवा झाल्या, पोर रात्रभर डोकं खाजवायची, मान एका बाजूला धरायला लागली. मावशीच्या घरचं लग्न होतं म्हणून सगळे सांगलीला आले, आणि मावशीनं तिला केस सेट करायच्या नावाखाली माझ्याकडं आणलं. मागोमाग आजी आलीच.

"देवीची हाय बाई ती. कात्री लावायची न्हाई."

मी म्हटलं, "आजी, कात्री लावतच नाही. नुसती धुते. देवीची असंल तर धुतल्यानं जाईल होय?"

ह्यावर आजीकडं उत्तर नव्हतं. ती स्टूल ओढून शेजारीच बसली, नजर माझ्या हातावर. मी जट कोमट पाण्यानं भिजवली, वाटीभर कंडिशनर आणि त्यात खोबरेल चोपडलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि पोरीला मोबाईलवर कार्टून लावून दिलं. तासाभरानं शेपटीच्या कंगव्याची दांडी घेऊन कडेकडेनं एकेक बट उकलायला बसले. गाठ सोडवायची ती कडेनं. मधोमध घुसलं की आणखी गच्च होते. दुपार गेली. पोर मधे झोपली, उठली, भेळ खाल्ली. जटेच्या पोटात काय निघालं सांगू? काळं रबर. दुखण्याच्या आधी शेंडीला बांधलेलं, कुणी काढलंच नव्हतं, आणि त्याच्याभोवती घोंगडीची लोकर गुंडाळलेली. मी ते आजीच्या हातात ठेवलं.

आजीनं उलटंपालटं करून बघितलं. "रबार व्हय ह्ये?" मग मलाच म्हणाली, "कडंचं ऱ्हायलंय बघ थोडं, त्ये बी काढ."

तेव्हा सांगणं एवढंच. तान्हं असो वा शाळेतलं, दुखण्यात असलं तरी दिवसाआड मानेवरचे केस बोटांनी मोकळे करा आणि रात्री रबर काढा. जट झालीच तर आठवड्याच्या आत सोडवा. फारच गच्च झाली असेल तर तेवढी कापा, केस परत येतो. माणसं अडून बसली तर कात्रीचं नाव काढू नका, धुवायचं नाव काढा.

चकोट केलं की केस सरळ आणि दाट येतात

येत नाहीत. केसाची जाडी आणि वळण कातडीखालच्या मुळात ठरतं, वस्तरा चालतो कातडीच्या वर. वस्तऱ्यानं टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. "जावळ काढलं आणि मग कुरळे आले" असंही सांगतात. जन्मतःचे केस पहिल्या काही महिन्यांत बहुतेक गळतातच आणि पुढच्या काही वर्षांत केसाची जात बदलत जाते, वस्तरा लावा नाहीतर लावू नका. जावळ काढा, हौसेनं काढा, मामाच्या मांडीवर बसवून काढा. पण दर मे महिन्यात "ह्या वेळी तरी सरळ येतील" म्हणून पोराला तुळतुळीत करू नका. पोराच्या बापाचे केस बघा आधी.

बोअरच्या पाण्यानं न्हाणं

ज्यांच्याकडं बोअरचं जड पाणी आहे त्यांच्या मुलांचे केस मी हात लावून ओळखते. क्षार बसून केस ताठ आणि रखरखीत होतो, मग आया शाम्पू बदलत बसतात. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्यानं झालं तरी चालेल, शेवटचे दोन-तीन तांबे पिण्याच्या पाण्याचे ओता.

टर्किश टॉवेलनं खसाखसा पुसणं

पंचा घ्या. नुसता दाबा, घासू नका. घरात पंचा नसेल तर बाबांचा जुना बनियन. उशीला सॅटिनच्या अस्तराचं कापड शिवून घ्या, मापाचा तुकडा गणपती पेठेत सहज मिळेल.

ओले असताना केस कापणं

ओला कुरळा केस लांब दिसतो. कपाळावरच्या बटा ओल्या असताना भुवईपर्यंत कापल्या की वाळल्यावर अर्ध्या कपाळावर उड्या मारतात, आणि नेमका दुसऱ्या दिवशी शाळेत फोटो असतो.

शाळेच्या घट्ट वेण्या

शाळेला दोन वेण्या आणि रिबन लागते, मान्य. पण भुवया वर ओढल्या जातील इतक्या घट्ट घालायचं कारण नाही. कानाच्या वर आणि कपाळाच्या कडेला केस विरळ दिसायला लागले, तिथं बारीक पुटकुळ्या आल्या, तर समजा ओढ जास्त होतेय. वेळीच सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर ती जागा कायमची मोकळी राहू शकते. पुढचे चार कुरळे बाहेर आले म्हणून बाईंनी वहीत शेरा दिला तर बाईंना माझ्याकडं पाठवा.

क्रीमवर क्रीम

हल्ली मोबाईलवर बघून आया येतात. सोमवारी जेल, बुधवारी कर्ल क्रीम, शुक्रवारी जवसाचं पाणी, आणि रविवारी तक्रार, "काही फरकच नाही." एक शाम्पू, एक कंडिशनर, दोन महिने. तेवढा दम नसेल तर पैसे पोराच्या नावानं पोस्टात टाका. आणि भाचीच्या लग्नासाठी सात वर्षांच्या पोरीचं स्ट्रेटनिंग करून द्या म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. त्यातल्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो, मोठ्या माणसाचेही डोळे चुरचुरतात.

उवा, खपल्या आणि चट्टे

उवांना रॉकेल नको. कातडी भाजते आणि शेगडीजवळ पोर पेटू शकतं. कंडिशनर लावून आधी मोठ्या कंगव्यानं गुंता काढा, मग उवांच्या फणीनं बट बट विंचरा, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा करून भागत नाही. औषध लावायचं तर मुलाचं वय सांगून डॉक्टरांकडून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा.

तान्ह्याच्या टाळूवर पिवळट खपल्या दिसल्या तर नखानं काढू नका. न्हाण्याआधी थोडं तेल लावून मऊ करा आणि मग ते तेल धुऊन काढा. टाळू भरावी म्हणून तेल रात्रंदिवस थापून ठेवलं की खपल्या वाढतात.

आणि डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा, तिथले केस तुटलेले, वर कोंडा, असं दिसलं तर तेल, लिंबू, कांद्याचा रस काहीही न लावता त्वचेच्या डॉक्टरकडं जा. तो बहुतेक वेळा नायटा असतो. केसाच्या मुळात शिरलेला असल्यामुळे नुसत्या मलमानं बरा होत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. तोवर त्या मुलाचा कंगवा, टोपी आणि पंचा वेगळा ठेवा, आणि माझ्याकडंही केस कापायला आणू नका.