कॅलिडोनियन स्लीपरने लंडनहून फोर्ट विल्यमला कसे जावे

मुंबईहून लंडनला जाणाऱ्या ज्या प्रवाशांना स्कॉटलंडचा डोंगराळ भागही पाहायचा आहे, त्यांनी विमानाऐवजी कॅलिडोनियन स्लीपर या रात्रगाडीचा विचार जरूर करावा. शनिवारची रात्र वगळता ती रोज लंडनच्या यूस्टन स्थानकातून सुटते. ग्लासगो आणि एडिनबराला जाणारी गाडी लोलँडर, तर फोर्ट विल्यम, इन्व्हर्नेस व अॅबरडीनला जाणारी हायलँडर म्हणून ओळखली जाते. आपल्याला हायलँडर हवी.

आरक्षण संकेतस्थळावर करता येते, मात्र तिथे आपल्यासारखी वेटिंग लिस्ट किंवा आरएसी नाही. जागा असेल तर तिकीट मिळते, नसेल तर नाही. मागणी वाढते तसे भाडेही वाढते, म्हणून तारीख ठरताच तिकीट काढणे उत्तम. परंतु व्हिसा हातात नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी रद्द करण्याच्या अटी नीट वाचाव्यात. शयनकक्ष घेतल्यास तो संपूर्ण आपलाच असतो, अनोळखी सहप्रवासी त्यात येत नाही. साध्या कक्षात एकावर एक दोन बर्थ असतात. त्याहून महाग कक्षांत स्वतंत्र शौचालय व शॉवर मिळतो. बैठकीचे तिकीट सर्वांत स्वस्त असले, तरी फोर्ट विल्यमच्या बैठ्या प्रवाशांना मध्यरात्रीनंतर एडिनबराला उतरून डबा बदलावा लागतो. मुले किंवा वडीलधारी सोबत असतील, तर ही बचत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीथ्रो विमानतळाहून भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने ग्रीन पार्कला यावे आणि तिथे व्हिक्टोरिया लाइन पकडून यूस्टनला उतरावे. विमान उशिरा पोहोचण्याची शक्यता लक्षात घेऊन, त्याच रात्रीची गाडी धरण्यापेक्षा एक मुक्काम लंडनमध्ये करणे शहाणपणाचे.

यूस्टनला डब्याचे अक्षर काळजीपूर्वक तपासावे, कारण सोळा डब्यांची ही गाडी रात्री एडिनबराला तीन भागांत विभागली जाते आणि प्रत्येक भाग वेगळ्या गावी जातो. कोकणकन्येत चुकीच्या डब्यात चढलेला माणूस आतून चालत आपल्या जागी पोहोचतो. इथे एडिनबरा मागे पडल्यावर तो मार्ग उरत नाही.

या प्रवासाचे खरे सुख सकाळी आहे, त्यामुळे गजर लावूनच झोपावे. ग्लासगो ओलांडल्यावर गाडी १८९४ साली सुरू झालेल्या वेस्ट हायलँड मार्गाला लागते. लॉख लोमंड हे सरोवर प्रवासाच्या दिशेने उजव्या हाताला दिसते. त्यापुढे रॅनॉख मूर ही विस्तीर्ण दलदल येते. इथे भक्कम जमीन मिळेना, तेव्हा अभियंत्यांनी झाडांच्या मुळ्या, फांद्या, माती आणि राख यांचा थर अंथरून त्यावर रूळ टाकले. कोकण रेल्वेवरची दरडींशी चाललेली झुंज ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. पुढचे कराउर स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ४०८ मीटर उंचीवर असून तिथे सार्वजनिक रस्ता पोहोचत नाही. हिवाळ्यात उजाडायला फार उशीर होतो आणि लॉख लोमंड अंधारातच निघून जाते, म्हणून मे ते ऑगस्ट हा काळ निवडावा.

फोर्ट विल्यमला गाडी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचते. हातात दिवस असेल, तर तिथूनच मॅलेग या किनाऱ्यावरच्या गावाची गाडी घ्यावी आणि डावीकडची खिडकी धरावी. एकवीस कमानींचा ग्लेनफिनन पूल वळताना त्याच बाजूने दिसतो.