टेम्पो सोसायटीत लावायचाय? आधी फाळक्याची साखळी बघा

आमचा धंदा कोल्हापुरात केटरिंगचा. भटारखाना फुलेवाडीत भाड्याच्या गाळ्यात, आणि घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या बाजूला, अठरा फ्लॅटच्या सोसायटीत. लग्नसराईत कार्य उरकून टेम्पो घरी यायला रात्रीचा एक-दीड होतोच. टेम्पो म्हणजे छोटा हत्ती, पिवळ्या पाटीचा. घरी आल्यावर आमचे हे मागचा फाळका उघडायचे, उरलेल्या जेवणाचे डबे उतरवायला. फाळका सुटला की त्याची साखळी पत्र्यावर आपटायची. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगच्या जागेत, तो आवाज असा घुमायचा की पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीतला दिवा लागायचा. दिवा लागला की हे मान खाली घालून जिना चढायचे. हे दोन वर्षं चाललं.

मग एका सकाळी काचेवर कागद चिकटवलेला. ‘व्यावसायिक वाहने आवारात लावू नयेत. हुकमावरून, कमिटी.’ खाली सही नाही, तारीख नाही.

त्यानंतर आठ महिने घासाघीस करून आम्ही टेम्पो रीतसर आत लावायला लागलो. आता ओळखीतले रिक्षावाले, दूधवाले, फ्रीज-एसीची कामं करणारी पोरं विचारायला येतात की वहिनी, तुम्ही कसं जमवलंत. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

असला कागद दिसला की पहिल्यांदा तो फाडू नका. त्याचा फोटो काढा आणि कागद जपून ठेवा. आमच्या ह्यांनी फाडला होता, मी कचऱ्याच्या डब्यातून काढून जोडला. कमिटीनं काय आणि कधी कळवलं याचा तेवढाच पुरावा असतो.

दुसरं, तुमची इमारत ‘सोसायटी’ आहे का ‘अपार्टमेंट’, ते बघा. बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो, पण कोल्हापुरात कितीतरी इमारती अपार्टमेंट आहेत, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या. तिथं बिल्डरनं नोंदवलेलं घोषणापत्र असतं आणि पार्किंगबद्दलचं पुष्कळसं त्यातच लिहिलेलं असतं. खरेदीपत्राच्या गठ्ठ्यात शोधा, सापडेल. सहकारी सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि तुमच्या सोसायटीचे उपविधी, म्हणजे आपले बायलॉज. सोसायटीच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो, त्यावरून लगेच कळतं. आमची सोसायटी निघाली.

बायलॉजची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. तोंडी मागितली तर ‘चावी चेअरमनकडं आहे’ हे ऐकावं लागतं. मला तिसऱ्या खेपेला, झेरॉक्सचे पैसे भरून मिळाली.

आता आत काय असतं ते सांगते. बहुतेक सोसायट्यांनी सरकारचे आदर्श उपविधीच घेतलेले असतात. त्यात पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभेनं ठरवायचं आणि वाटप कमिटीनं करायचं, अशी विभागणी आहे. एका सदस्याला साधारणपणे एकच जागा. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप. स्कूटर, मोटारसायकल आणि ऑटोरिक्षा आवारात लावायला कमिटीची आधी परवानगी घ्यायची आणि सभेनं ठरवलेलं शुल्क भरायचं. ऑटोरिक्षा! म्हणजे पोटापाण्याचं वाहन आवारात येऊच नये, असं नियम करणाऱ्याच्याही मनात नव्हतं. रिक्षावाल्यांनी हे वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवावं.

माझ्या जास्त उपयोगाला दुसरं वाक्य आलं. पार्किंगसाठी गाडी सदस्याच्या स्वतःच्या मालकीची असू शकते, तशीच ती त्याला नोकरीच्या ठिकाणच्या मालकानं दिलेली, तो भागीदार असलेल्या फर्मची किंवा संचालक असलेल्या कंपनीचीही चालते. आमच्याच इमारतीत गोकुळ शिरगावच्या कारखान्यातले एक साहेब राहतात, त्यांची गाडी कंपनीच्या नावावर आहे. ती कामाचीच गाडी की. तिच्यावर कधी कागद चिकटला नाही, कारण ती चकचकीत पांढरी आहे आणि तिच्यातून रश्श्याचा वास येत नाही. हे मी सभेत असंच बोलले नाही, पण डोक्यात तेच होतं.

टेम्पोबद्दल मात्र स्पष्ट असं काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे जे काही ठरायचं ते सभेतच ठरणार होतं.

सभेला जायच्या आधी टेप घेऊन खाली उतरा. हे काम कोणी करत नाही आणि सगळी भांडणं ‘लई मोठी गाडी आहे’ या एका वाक्यावर होतात. छोटा हत्ती ३.८ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद. मोटारीसाठी आखलेली जागा साधारण ५ मीटर बाय २.५ मीटर असते. म्हणजे जागेत तो मावतोच, आणि शेजारच्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा आमचा टेम्पो लांबीलाही कमी आणि रुंदीलाही. मी दोन्ही मापं कागदावर शेजारी शेजारी लिहून नेली होती, तिथंच निम्मा आवाज बसला.

उंची मात्र नीट बघा, तिथं आम्ही स्वतः माती खाल्ली आहे. टेम्पो मुळात बीमखालून आरामात जातो. पण ताडपत्रीसाठी वर लोखंडी सांगाडा बसवून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं छताला टांगलेला पावसाच्या पाण्याचा पाईप कोपरातून उडवला. प्लंबर आम्हीच आणला, पैसे आम्हीच दिले, तरी पुढं दोन वर्षं प्रत्येक गळतीला आमचंच नाव. मोजताना बीमची नाही, सगळ्यात खाली लोंबणाऱ्या पाईपची उंची मोजा, आणि ती सांगाड्यासकट गाडीशी ताडा.

वजनाचंही तसंच. भरलेला छोटा हत्ती दीड टनाच्या घरात जातो. वाटेत पाण्याच्या टाकीचा स्लॅब किंवा ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण येत असेल तर भरलेली गाडी त्यावरून नेऊ नका. आत येईल ती रिकामी, असं स्वतःहून लिहून द्या.

आणि गॅसची टाकी. १९ किलोची व्यावसायिक टाकी रात्री गाडीत ठेवून इमारतीखाली गाडी लावायची नाही म्हणजे नाही. इथं मी कमिटीच्याच बाजूची आहे. अठरा घरं वर झोपलेली असतात. टाक्या, शेगड्या, रॉकेल, रंगाचे डबे, जे काही पेटणारं असेल ते गाळ्यावर राहू दे. ‘एकच रात्र’ म्हणणाऱ्याला मी तरी अर्ज लिहून देत नाही.

मग अर्ज. सेक्रेटरींच्या नावे, साध्या कागदावर. आमचा असा होता:

‘मी सोसायटीची सभासद असून माझ्या पतीच्या नावे एक मालवाहू टेम्पो आहे. आमच्याकडे दुसरे चारचाकी वाहन नाही. सदर टेम्पो आम्हाला मिळणाऱ्या पार्किंगच्या जागेत लावण्यास परवानगी मिळावी. वाहन रिकामे असेल. त्यात गॅसची टाकी वा खाद्यपदार्थ ठेवणार नाही. आवारात माल चढवणे-उतरवणे, वाहन धुणे वा दुरुस्त करणे असे काही करणार नाही. रात्री १० नंतर हॉर्न वाजवणार नाही. ऑइल गळून फरशी खराब झाल्यास आम्ही स्वच्छ करून देऊ. सभा ठरवील ते शुल्क भरण्यास तयार आहे. हा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. सोबत आरसी, विमा, फिटनेस व पीयूसीच्या प्रती.’

‘दुसरे चारचाकी वाहन नाही’ हे वाक्य सोडू नका. टेम्पोही आणि कारही असली तर बाजू लंगडी पडते, कारण जागा एकच. फिटनेसची तारीख संपलेली नाही ना तेही बघा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि कमिटीत एक तरी जण तारखा वाचणारा असतोच. भाडेकरू असाल तर अर्ज घरमालकाच्या सहीनं जाऊ द्या, कारण नियम सदस्याबद्दल बोलतात.

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सेक्रेटरी ‘बघू, ठेवा’ म्हणत सही टाळायला लागले तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. त्यांच्या दारातून माझ्या दारावरची पाटी दिसते, तरी मी पोस्टात गेले होते.

विषय विषयपत्रिकेवरच आला पाहिजे. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणजे चहा आलेला असतो, निम्मी माणसं उठलेली असतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव होतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघावी लागते. त्यामुळं अर्ज जुलैमध्येच द्या.

जुलै ते सप्टेंबर हा वेळ घरोघर जाण्याचा. खरं काम इथं आहे. मी पहिल्यांदा गेले त्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडं. मला वाटलं होतं, त्यांना पिवळी पाटी खुपत असेल. त्या म्हणाल्या, “अगं, टेम्पोचं काय नाही गं. ती साखळी. ह्यांचं बायपास झाल्यापासून त्यांना एकदा जाग आली की पहाटेपर्यंत झोप नाही.” दोन वर्षं आम्ही एकमेकींकडं बघून नुसत्या हसत होतो आणि अडचण ही होती!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सायकलची जुनी ट्यूब आणली, उभी चिरली आणि दोन्ही साखळ्यांना घट्ट गुंडाळून वर वायरनं बांधली. फाळका जिथं टेकतो तिथं चपलेच्या रबराचे तुकडे चिकटवले. उरलेले डबे गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवायचे ठरवलं, म्हणजे रात्री फाळका उघडायचाच नाही. इंजिनखाली जुना पत्र्याचा ट्रे, त्यात वखारीतला भुसा. भांडी गाळ्यावरच घासून टाकायची आणि गाडीचा हौदा तिथंच धुवायचा. एवढ्यावर अर्धी इमारत गप्प झाली.

बाकीचे सभेत बोलले. चेअरमन म्हणाले, “आज टेम्पो आलाय, उद्या उसाचा ट्रॅक्टर आणून लावशीला!” हशा झाला, मीही हसले. म्हटलं, मग तसं लिहून घ्या की. पाटीचा रंग लिहू नका, माप लिहा. पिवळी पाटी तर टुरिस्ट टॅक्सीलाही असते आणि इलेक्ट्रिक मालगाडीची हिरवी असते. रंगावर नियम केला तर उद्या कोण अडकेल आणि कोण सुटेल सांगता येत नाही. शेवटी ठराव असा झाला: लांबी ४ मीटरपर्यंत, आखलेल्या जागेत मावणारे, रिकामे वाहन, मालकी कोणाचीही असो, चालेल. महिना तीनशे रुपये. कारला दोनशे आहेत. शंभराचा फरक मला पटला नाही, पण त्या दिवशी मी तो सोडून दिला.

एक गृहस्थ ‘माझं पार्किंग बिल्डरनं मला विकलंय, तिथंपर्यंत तुमचा टेम्पो येता कामा नये’ म्हणत होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलंय की स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ती जागा सगळ्यांची. हे मी सभेत काढलं नाही. बाहेर जिन्यात त्यांना एकट्याला सांगितलं. चारचौघांत सांगितलं असतं तर ते आजही भांडत बसले असते.

ठराव झाला की इतिवृत्तात काय लिहिलंय त्याची प्रत घ्या. ‘टेम्पोबाबत चर्चा झाली’ एवढंच लिहिलेलं असू शकतं.

सभेनं नाहीच म्हटलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करता येते आणि वाद सहकार न्यायालयातही नेता येतो. पण ते वर्षावर जातं, आणि त्या वर्षात तुम्हाला त्याच जिन्यातून जायचं असतं. तोवर जवळ कुणाचा मोकळा प्लॉट असेल तर महिन्याच्या बोलीवर घ्या. रस्त्यावर लावणार असाल तर बॅटरी आणि स्टेपनीला कुलूप घाला. आमची स्टेपनी त्याच आठ महिन्यांत गेली. कुणी चाकाला साखळी घातली तर ती तोडू नका, फोटो काढून लेखी विचारा.

जागा निवडायला मिळाली तर गेटजवळची मागा. आमच्यासारखी नाल्याकाठची इमारत असेल तर नक्कीच. २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळेस शाहूपुरीच्या खालच्या अंगाला पाणी आलं. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आम्ही ३९ ऐकलं की ४३ ची वाट बघत नाही, टेम्पो उंचावर काढतो. तो गेटजवळ असला की मागच्या गाड्याही अडत नाहीत. २०२१ ला टेम्पो रिकामा जाण्यापेक्षा तळमजल्यावरच्यांचा फ्रीज आणि गहू-तांदळाच्या कोठ्या त्यातूनच वर गेल्या. तेव्हा अजून काचेवर कागद लागायचा होता.

आणि ती सायकलची ट्यूब. उन्हानं आणि तेलानं चार-पाच महिन्यांत कुजते, तडे जातात आणि मग साखळी पुन्हा पत्र्याला लागते. पंक्चरवाला जुनी ट्यूब फुकट देतो. बदलायची राहिली की आम्हाला वेगळं कळवावं लागत नाही, गाडी धक्क्यानं थांबली की वरचा दिवा लागतो.