कोचनी दिलेले गुण कसे वाचायचे: फुटबॉल पंचांसाठी

सामना संपला की दोन्ही कोचनी पंचाला गुण द्यायचे आणि पुढच्या नेमणुकीत ते धरायचे, अशी पद्धत काही स्पर्धांमध्ये असते. मी स्वतः शिट्टी वाजवतो, हल्ली नव्या पंचांचं निरीक्षणही करतो. कमी गुण पडले की वाईट वाटतं, पण ते चार दिवसांत विरतं. खरा परिणाम पुढच्या सामन्यात दिसतो. त्याच कोचच्या बेंचसमोर फाउल झाला की पंच आधी बेंचकडे बघतो, मग शिट्टी वाजवतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंचांना सामन्यातले टॅकल व्हिडिओवर दाखवले होते. ज्यांना प्रेक्षकांचा गोंगाटही ऐकवला, त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. व्हिडिओतल्या आवाजाने एवढं होत असेल, तर इथे प्रश्न नेमणुकीचा आहे.

फॉर्म हातात आला की आधी निकाल आठवा. हरलेल्या कोचचे गुण मनाला लावून घेऊ नका, हे सगळेच सांगतात; जिंकलेल्याच्या गुणांवर हुरळून जाऊ नका, हे फारसं कुणी सांगत नाही. मग आकडा बोटाने झाका आणि फक्त शेरा वाचा. ‘सामन्यावर पकड नाही’ या शेऱ्याचं काहीच करता येत नाही, सोडून द्या. पण ‘सेकंड हाफला आमच्या कॉर्नरनंतर रेफ्री दरवेळी मागे राहिला’ असं असेल तर व्हिडिओ काढा. कॉर्नरला तुम्ही कुठे उभे होता? चेंडू क्लिअर झाल्यावर पळायला वाट मोकळी होती, की खेळाडूंच्या गर्दीतून वळसा घ्यावा लागला? असा शेरा रागाच्या भरात लिहिलेला असला तरी कामाचा असतो. दोन्ही कोचनी एकच गोष्ट लिहिली असेल, तर मी व्हिडिओची वाटही बघत नाही, ती खरीच धरतो.

त्याच कोचचा सामना पुन्हा आला तर हात मिळवा, फॉर्मचा विषय काढू नका. बेंचसाठीच्या पायऱ्या घरूनच ठरवून जा: आधी शांतपणे एक शब्द, मग सगळ्यांना दिसेल अशी ताकीद, मग कार्ड. अर्थात प्रकार गंभीर असेल तर थेट कार्डच. २०१९ पासून नियमानेच कोचला पिवळं किंवा लाल कार्ड दाखवता येतं, आणि टेक्निकल एरियातून (बेंचभोवतीच्या ठरलेल्या जागेतून) नेमकं कोण बोललं ते कळलं नाही तर तिथल्या सर्वांत वरिष्ठ कोचला. गुणांच्या धास्तीने कार्ड खिशातच राहतं, तर कधी जुना हिशेब चुकता करायला, नको तेव्हा बाहेर येतं. दोन्ही मी पाहिलंय. म्हणून हाफटाइमला बेंचच्या बाजूच्या सहायक पंचाला विचारा, दोन्ही बेंचना मी सारखंच वागवतोय ना? तिथलं सगळं त्याच्या कानावर पडत असतं.

आयोजकांनो, गुण मागायचेच असतील तर त्याच संध्याकाळी मागू नका. कमी गुणांसोबत मिनिट आणि प्रसंग लिहिणं सक्तीचं करा, आणि पंचाच्या हातात एकेक फॉर्म न देता पाच-सहा सामन्यांचे एकत्र द्या, निरीक्षकाच्या अहवालासोबत.