डोक्याला लागलं की त्याचा सामना संपला

मुंबईत रग्बी भर पावसात, चिखलात खेळतात. प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी रेषेबाहेर उभी असते. सामन्याआधी एक गोष्ट पक्की करा: १०८ची रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येईल आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे.

टॅकलनंतर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडल्यावर, कोणी झोकांड्या खात उठला, नजर हरवलेली दिसली, की आधी बाहेर काढा. मग विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा हाफ चाललाय? शेवटचे गुण कोणी मिळवले? एक उत्तर जरी चुकलं तरी मेंदूला मार बसलाय असं धरा. सगळी बरोबर आली तरी शंका असेल तर आत सोडू नका. एक पोरगा "ताई, मी बरा आहे" म्हणत बुटाची नाडी बांधत होता, आणि गाठच बसत नव्हती. त्याला त्या दिवशी मी परत खेळू दिलं नाही. रात्री अशा खेळाडूला एकटं ठेवू नका. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर थेट रुग्णालयात न्या.

मान दुखतेय म्हणाला, तर अजिबात हलवू नका. खेळ थांबवायला लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच धरून ठेवा.