मसालेदार नट बटर घरी कसं करावं

नट बटर म्हणजे भाजलेले दाणे वाटून केलेलं मऊ मिश्रण. त्यात लोणी नसतं आणि सहसा वरून तेलही घालावं लागत नाही. बदाम आणि शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं. काजूत थोडं कमी, अक्रोडात बरंच जास्त, सुमारे 65 टक्के. आपण फक्त ते तेल मोकळं करायचं आणि ते सुटेपर्यंत धीर धरायचा. बिघडतं ते बहुधा इथेच. मिक्सरमध्ये कोरडा गोळा फिरताना दिसला की घाबरून त्यात पाणी ओतलं जातं. तेल ओतलं असतं तर फारसं काही झालं नसतं, पण पाण्याने सगळं आवळून बसतं.

काय घ्यायचं

पहिल्यांदा करत असाल तर शेंगदाणे घ्या, नाहीतर निम्मे बदाम आणि निम्मे काजू. नुसत्या बदामांना सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि लहान मिक्सर दमतो. अक्रोड पटकन वाटले जातात, पण त्यांच्या सालीचा तुरटपणा बटरमध्ये उतरतो आणि ते खवटही लवकर होतं, म्हणून मिसळायचे तर पाव भागापुरतेच.

एका वेळी 300 ग्रॅम घ्या. त्याहून फार कमी असतील तर दाणे भांड्याच्या कडेला उडून बसतात, पात्याखाली येतच नाहीत. आधी निवडून घ्या. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्या, शेंगदाण्यांच्या बाबतीत तर नक्कीच. बुरशीमुळे तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे नाहीसं होत नाही.

मसाल्याचे दोन रस्ते आहेत. गोडसर हवं असेल तर 1 लहान चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा वेलची पूड, अर्धा चमचा सुंठ, जायफळ अगदी चिमूटभर, आणि आवडीप्रमाणे 1-2 मोठे चमचे पिठीसाखर. तिखट हवं असेल तर अर्धा चमचा लाल तिखट, 1 चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा मिरपूड आणि हवी असल्यास थोडी सुक्या लसणाची पूड. दोन्हींत पाव चमचा बारीक मीठ. जाडं मीठ नको. ते तेलात विरघळत नाही, त्यामुळे खडे तसेच दाताखाली येतात.

भाजणं

ओव्हन असेल तर 170 अंश सेल्सिअसला, एका थरात पसरून. काजूंना 8 ते 10 मिनिटं, बदाम-शेंगदाण्यांना 10 ते 14. मधे एकदा हलवा. कढईत भाजायचे तर आच मंद ठेवा आणि हात चालू ठेवा. भाजण्याने चव येतेच, शिवाय दाण्यांतला ओलावा उडतो आणि तेल सुटायला सोपं जातं. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात, आत कच्चेच राहतात, आणि तो करपट वास पुढे कुठल्याही मसाल्याने झाकला जात नाही. हवा त्यापेक्षा एक छटा फिका रंग असतानाच दाणे ताटात काढा, कारण स्वतःच्या उष्णतेने ते आणखी थोडे भाजले जातात.

शेंगदाण्यांची सालं चोळून पाखडून टाका. बदामांची राहू दिली तरी चालतात, फक्त बटर गडद आणि किंचित रवाळ होतं.

वाटायला घ्यायचे ते कोमट झाल्यावर. अगदी गरम दाणे बंद भांड्यात टाकले तर वाफ धरते, ती झाकणाला लागून थेंब होते, आणि आपल्याला नको असलेलं पाणी आत जातं. पार गार झाले असतील तरी अडत नाही, थोडा जास्त वेळ लागतो इतकंच.

वाटणं

भांडं, पातं, झाकण, चमचा सगळं कोरडं ठक्क हवं. सुरुवातीला थांबत थांबत फिरवा. आधी भरड होते, मग कूट. खडबडीत बटर आवडत असेल तर भरड असतानाच त्यातली दोन-तीन मोठे चमचे बाजूला काढून ठेवा. कुटानंतर मिश्रण कडांना चिकटायला लागतं. ते खरवडून मधे आणा आणि पुन्हा फिरवा. मग एक जड, चिवट गोळा होतो. इथे वाटतं की आता याचं पुढे काही होणार नाही. होतं! गोळा मोडून, खरवडून फिरवत राहिलात की तो अचानक चकाकतो, बसतो, आणि सैल होऊन पात्याभोवती वाहायला लागतो.

फूड प्रोसेसरमध्ये याला एकूण 10-15 मिनिटं लागू शकतात, ताकदीच्या मिक्सरमध्ये कमी. सलग चालवू नका. अर्धा-पाऊण मिनिट फिरवून एक-दोन मिनिटं विश्रांती द्या, आणि मोटरचा वास यायला लागला तर चांगली दहा मिनिटं. एवढं करूनही कोरडंच राहिलं, जुन्या दाण्यांचं तसं होतं, तर वास नसलेलं तेल एक-एक लहान चमचा घाला.

मसाला

बटर वाहायला लागल्यावरच मसाला, मीठ आणि पिठीसाखर घाला आणि शेवटचं अर्धा मिनिट फिरवा. दालचिनी, वेलची, मिरी, तिखट यांचा गंध आणि झणका तेलात उतरतो, पण सावकाश. आज बेताचं लागलेलं उद्या ठसठशीत लागतं. म्हणून आधी दोन तृतीयांशच घाला, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी चाखून उरलेलं मिसळा. ताजी पूड करणार असाल तर अख्खे मसाले नुसते कोमट करून कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. दालचिनीचा एक जाड कणसुद्धा मऊ बटरमध्ये खटकतो.

मधाचा मोह होतो, पण मधात साधारण 17-18 टक्के पाणी असतं, त्यामुळे भांड्यात घातला की बटर घट्ट होऊन बसतं. खाताना वरून घ्या. ताजा लसूण, ओलं आलं, ओली मिरची तर कधीच नको. ओल्या वस्तू तेलात बुडून राहिल्या की तिथे हवा नसते, आणि बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जिवाणू अशाच जागी वाढतात. चवीसाठी सुक्या पुडीच वापरा.

चुकून पाणी पडून मिश्रण आवळलंच, तर टाकू नका. थोडं थोडं आणखी कोमट पाणी घालून फेटत राहा. ते फिकट, मऊसर सॉससारखं होतं. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

ठेवणं

कोरड्या काचेच्या बरणीत भरा. बाहेर दोन-तीन आठवडे राहतं, फ्रिजमध्ये दोन-तीन महिने. अक्रोड असतील तर फ्रिजच बरा. वर तेल तरंगलं तर ते खराब झालं असं नाही. बाजारच्या अनेक बाटल्यांत ते तरंगू नये म्हणून हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं, तेल घातलेलं असतं, आपल्या घरच्या बटरमध्ये ते नाही. बरणी एक रात्र उलटी ठेवा, सकाळी ढवळा. जुन्या रंगासारखा वास आला किंवा जिभेवर कडवट लागलं तर ते खवट झालं, टाकून द्या.

कुणाला बरणी भेट देणार असाल तर आत कोणकोणते दाणे आहेत ते वर स्पष्ट लिहा. ज्याला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी काही करायचं असेल, तर हे भांडं नुसतं विसळून वापरू नका. पात्याच्या खाली आणि झाकणाच्या रबरात कूट अडकून राहतं.